वीर म्हणावे की सेवक?

१४ एप्रिल ही तारीख उच्चारली की डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची जयंती आठवते, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच दिवशी देशभरातील अग्निशमन केंद्रांत आणखी एक स्मरण पाळले जाते. १९४४ साली, दुसरे महायुद्ध चालू असताना, मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ नावाचे मालवाहू जहाज उभे होते. त्याच्या पोटात सुमारे १४०० टन स्फोटके होती, सोन्याच्या लगडी होत्या आणि कराचीस चढवलेल्या कापसाच्या हजारो गाठी होत्या. ज्या भांडारात कापूस त्याच भांडारात स्फोटकेही ठेवलेली होती. १४ एप्रिलच्या दुपारी जहाजातून धूर येताना दिसला. अग्निशमन दलाचे लोक आले, नळ्या जोडल्या, पाणी मारू लागले. जहाज जागीच बुडवावे की खुल्या समुद्रात न्यावे, यावर गोदीतील अधिकाऱ्यांचे एकमत होईना. चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला, त्यानंतर अर्ध्या तासाने दुसरा. शेकडो माणसे मृत्युमुखी पडली, गोदीलगतच्या वस्त्या जळाल्या, सोन्याच्या लगडी दूरवर जाऊन पडल्या. नळ्या धरून उभे असलेले अग्निशमन दलाचे ६६ जण त्या दिवशी कर्तव्यावर मरण पावले. त्यांच्या स्मरणार्थ १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह म्हणून पाळला जातो.

या सप्ताहात भाषणे होतात, पुष्पचक्रे वाहिली जातात, आणि प्रत्येक भाषणात एक शब्द हमखास येतो: वीर. वृत्तपत्रे तर त्याही पुढे जातात. कोणा जवानाने धुरातून एखादे मूल बाहेर आणले की दुसऱ्या दिवशी तो ‘देवदूत’ होतो. वाचकहो, या शब्दांमागील कृतज्ञता खरी असते, याविषयी मला शंका नाही. तरीही एक प्रश्न मी आपल्यापुढे ठेवू इच्छितो. हा किताब अग्निशामकाने स्वीकारावा काय? आणि आपण तो द्यावा काय? माझे उत्तर दोन्ही ठिकाणी नकारार्थी आहे. ते कृतघ्नपणाचे वाटण्याचा संभव असल्याने थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे.

प्रथम शब्दाकडे पाहू. भाषांतराच्या धंद्यात आयुष्य घालविलेल्या माणसाची ही खोड समजा. ‘हिरो’ हा शब्द इंग्रजीमार्गे आपल्याकडे आला, पण त्याचे मूळ ग्रीक आहे. ग्रीकांचा ‘हेरोस’ म्हणजे देव आणि मानव यांच्या मधला कोणी तरी पुरुष. मरणानंतर त्याच्या थडग्यापाशी बळी अर्पण करीत, त्याच्या कोपाला भीत. नवा करार ग्रीक भाषेत लिहिला गेला, आणि त्याचे लेखक या शब्दाशी अपरिचित असणे शक्य नव्हते. तरी संपूर्ण नव्या करारात हा शब्द एकदाही येत नाही. स्तेफनाला दगडमार झाला, याकोबाचा तलवारीने वध झाला, पण त्यांच्यापैकी कोणालाही ‘हेरोस’ म्हटलेले नाही. त्याऐवजी दोन शब्द पुनःपुन्हा येतात. एक ‘दुलोस’, म्हणजे दास, विकत घेतलेला माणूस. दुसरा ‘दियाकोनोस’, म्हणजे पंगतीत वाढणारा. आपण ज्याला ‘सेवक’ असे भारदस्त नाव दिले आहे तो मुळात वाढपी होता, हे विसरता कामा नये.

जुन्या करारात ‘गिब्बोर’ हा हिब्रू शब्द आहे. बलवान, पराक्रमी, वीर असा त्याचा अर्थ. मात्र उत्पत्तीच्या सहाव्या अध्यायात, जलप्रलयापूर्वी पृथ्वीवर असलेल्या नामांकित गिब्बोरांचा उल्लेख आला तेव्हा सेप्टुअजिंट या प्राचीन ग्रीक भाषांतराच्या कर्त्यांनी तेथे ‘राक्षसी देहाचे’ या अर्थाचा शब्द वापरला. नाव कमावलेली माणसे, आणि त्यांच्या मागोमाग येणारा विनाश! मराठीनेही आपला निवाडा दिलेला आहे. ‘वीर’ शब्दाला आपण मान देतो, परंतु ‘हिरो’ला ‘गिरी’ जोडली की जी ‘हिरोगिरी’ होते तिला कोणी मान देत नाही. नाक्यावरच्या पोराला जे समजते ते व्यासपीठावरच्या वक्त्याला समजू नये, ही गंमतच.

आगीच्या संदर्भात हा प्रश्न नवा नाही. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात रोम शहराला वारंवार आगी लागत. लाकडी माड्यांची घरे, अरुंद गल्ल्या आणि पाण्याची मारामार. आपल्यापैकी अनेकांना हे चित्र ओळखीचे वाटेल. त्या काळी मार्कस एग्नातियस रूफस नावाचा एक नगराधिकारी होऊन गेला. त्याने स्वतःचे व भाडोत्री गुलाम घेऊन आगी विझविण्याचे पथक उभारले, आणि लोक त्याच्यावर लुब्ध झाले. पद सोडताना आपण नगर अभंग व सुरक्षित सोपवीत आहोत, अशी जाहिरात त्याने लावली. लोकप्रियता डोक्यात गेली. त्याने थेट सर्वोच्च पदावर हक्क सांगितला आणि अखेर सम्राट औगुस्ताविरुद्ध कटाच्या आरोपाखाली इ. स. पूर्व १९ च्या सुमारास त्याचा वध झाला. वीरपदाची चटक लागलेल्या अग्निशामकाची इतिहासातील ही बहुधा पहिली कहाणी असावी. ज्या गुलामांनी प्रत्यक्ष बादल्या वाहिल्या त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत.

औगुस्ताने यावरून धडा घेतला. इ. स. ६ मध्ये त्याने ‘विजिलेस’, म्हणजे जागे राहणारे, या नावाचे सरकारी दल उभारले. त्यात सात तुकड्या होत्या आणि भरती मुख्यत्वे मुक्त झालेल्या गुलामांतून केली जाई. लोक त्यांना डांबर लावलेल्या दोरांच्या बादल्यांवरून एक थट्टेचे नाव देत, ‘बादलीवाले’ म्हणावे तसे. रात्रभर गस्त घालायची, घरोघरी पाणी भरून ठेवले आहे की नाही ते पाहायचे, आग लागली की धावायचे. काही वर्षे अशी सेवा केली की रोमचे पूर्ण नागरिकत्व मिळे. हे दल स्थापन झाले तेव्हा प्रभू येशू नासरेथात बालवयात होता. पौल रोमला आला तेव्हा रात्रीच्या गस्तीवर हेच ‘जागे राहणारे’ असतील. एकीकडे जाहिरात लावणारा एग्नातियस आणि दुसरीकडे थट्टा सोसून जागणारे हे मुक्त दास. नगर कोणाच्या हाती सुरक्षित होते, याचा निर्णय वाचकांनीच करावा.

आता हा किताब अग्निशामकाचे काय करतो ते पाहू. अग्निशमनाच्या प्रशिक्षणात एक हिशेब शिकवतात. जीव वाचण्याची आशा असेल तेथे मोठा धोका पत्करावा; केवळ मालमत्ता वाचवायची असेल तर थोडा; आणि जे आधीच नष्ट झाले आहे त्यासाठी काहीही धोका पत्करू नये. आत जायचे ते जोडीने, हुकमाने, श्वसनसंचातील हवा किती उरली आहे याकडे लक्ष ठेवून. माघारीचा इशारा झाला की हातातले काम सोडून बाहेर यायचे. जो गडी हुकूम मोडून आपल्या मनाने आत घुसतो तो सगळ्या तुकडीला संकटात टाकतो, कारण त्याला शोधायला आणखी दोघांना आत जावे लागते. ही सर्व शिस्त दासाची आहे. वीराची प्रतिमा याच्या नेमकी उलट सांगते: एकटा जा, मागे वळू नको, नियमांची पर्वा करू नको. ज्याच्या मनात लहानपणापासून वर्तमानपत्रातले छायाचित्र आहे, त्याला माघारीचा इशारा ऐकू येणे कठीण जाते.

शिवाय वीराला भिण्याची परवानगी नसते. धुरात सापडलेल्या मुलाला वेळेवर बाहेर काढता आले नाही म्हणून रात्री झोप न येणारा माणूस कोणाजवळ बोलणार? लोकांनी त्याला देवदूत ठरविले आहे; देवदूताने रडावे कसे? सेवकाला मात्र थकता येते, घाबरता येते, ‘आज मला जमणार नाही, दुसऱ्या कोणाला पाठवा’ असे म्हणता येते. पाळकीय सेवेत असलेल्या वाचकांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. आपल्या मंडळीत कोणी अग्निशमन दलात असेल, तर त्याचा सत्कार करण्यापूर्वी त्याच्या शेजारी बसून त्याचे ऐकून घेण्याची गरज अधिक आहे.

आणि त्याच्या कामाचे खरे रूप तरी काय आहे? मोठी आग रोज लागत नाही. पावसाळ्यात रस्त्यावर कोसळलेले झाड कापणे, संक्रांतीच्या दिवसांत मांजात अडकलेला पक्षी सोडविणे, बंद पडलेल्या लिफ्टमधून माणसे काढणे, दार आतून लागून अडकलेल्या म्हाताऱ्या आजींसाठी खिडकीतून शिरणे. केंद्रावर परत आल्यावर नळ्या धुणे, वाळविणे, गुंडाळणे, शिड्या तपासणे, बंबाची टाकी भरणे. या कामांचे छायाचित्र छापून येत नाही. पण न धुतलेली, न वाळविलेली नळी ऐन आगीत फुटते, आणि मग वरच्या मजल्यावरच्या माणसाचा प्राण जातो. ज्याला वीर व्हायचे आहे त्याला नळी धुण्यात रस वाटणे अवघड आहे. ज्याला लोक वाचावेत असे वाटते त्याला नळी धुणे आणि धुरात शिरणे ही एकाच कामाची दोन टोके वाटतात.

येथे कोणी विचारील: मग जे मेले त्यांचे काय? ९ मे २०१५ रोजी मुंबईच्या काळबादेवी भागात गोकुळ निवास या जुन्या इमारतीला आग लागली, इमारत कोसळली, आणि दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर यांच्यासह चार अधिकारी त्या आगीत बळी गेले. काही जागीच, काही नंतर रुग्णालयात. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलाचे ३४३ लोक मरण पावले. त्या दिवशी ज्याचा मृत्यू अधिकृत नोंदीत पहिला म्हणून लिहिला गेला तो मायकल जज नावाचा फ्रान्सिस्कन धर्मगुरू त्याच दलाचा पाळक होता. हे वीर नव्हेत तर कोण? मी या मृत्यूंपुढे नतमस्तक आहे. पण एवढेच पाहा: काळबादेवीला वरिष्ठ अधिकारी स्वतः आगीपाशी होते, कारण अधिकाऱ्याची जागा माणसांच्या पुढे असते असे ते समजत होते. मायकल जज त्या इमारतीत होता, कारण त्याची माणसे तेथे होती. आपल्या जागेवर असणे याला शास्त्रात फार जुना शब्द आहे: विश्वासूपणा. तो वीरत्वाहून कमी प्रतीचा नाही. मला तर तो अधिक मोठा वाटतो, कारण तो आग नसतानाही असतो.

आता त्या कठीण वचनाकडे येऊ. लूकच्या सतराव्या अध्यायात प्रभू एक दाखला सांगतो. दास दिवसभर नांगरून किंवा गुरे राखून घरी येतो, तरी धनी त्याला आधी माझे जेवण वाढ म्हणतो, आणि त्याबद्दल त्याचे आभारही मानीत नाही. तसे तुम्हीही, सांगितलेले सर्व केल्यावर, आपण निरुपयोगी दास आहोत, जे करायचे तेच केले, असे म्हणा, असा त्याचा आशय. उपदेशक या भागाला सहसा बगल देतात. येथला ग्रीक शब्द ‘अख्रेइओस’ नव्या करारात दोनच ठिकाणी येतो. दुसरे ठिकाण मत्तयातील रुपयांच्या दाखल्याचे, जेथे पैसा पुरून ठेवणारा दास खरोखरच निरुपयोगी ठरतो. परंतु लूकमधला दास निरुपयोगी कसा? त्याने तर सर्व काम केले आहे. याचा उलगडा सेप्टुअजिंटमध्ये होतो असे मला वाटते. कोशापुढे नाचणाऱ्या दावीदाची मीखलने निर्भर्त्सना केली तेव्हा, मी याहूनही हलका होईन, असे तो तिला सांगतो. ग्रीक भाषांतरकर्त्यांनी तेथे हाच ‘अख्रेइओस’ शब्द घातला आहे. मूळ हिब्रूत अर्थ आहे नीच, लीन, खालच्या जागेचा. म्हणजे लूकच्या वचनातही कामाचे मोल शून्य आहे असे सांगितलेले नाही. दास आपल्या कामावरून वरच्या जागेचा दावा लावीत नाही, एवढेच.

या वचनावरून मंडळीच्या इतिहासात मोठे वादही झाले. कर्तव्यापेक्षा अधिक काही करून पुण्याचा साठा करता येतो काय, हा तो वाद. अशा ‘अधिक’ कृत्यांना लॅटिनमध्ये जे नाव पडले ते लूकच्याच दहाव्या अध्यायातून आले: चांगला शोमरोनी खाणावळवाल्याला, आणखी काही खर्च झाला तर तो मी परत येताना देईन, असे म्हणतो, त्या ‘आणखी खर्चा’साठी जेरोमने आपल्या भाषांतरात वापरलेले क्रियापद पुढे धर्मशास्त्राची संज्ञा बनले. अँग्लिकन मंडळीच्या एकोणचाळीस कलमांपैकी चौदाव्यात या कल्पनेचा निषेध आहे, आणि आधार घेतला आहे तो निरुपयोगी दासांच्या वचनाचाच. विसाव्या शतकात हाच वाद तत्त्वज्ञांच्या दारी गेला. १९५८ साली जे. ओ. अर्म्सन या ब्रिटिश तत्त्ववेत्त्याने संत आणि वीर यांविषयी एक प्रसिद्ध निबंध लिहिला. नीतिशास्त्र कृत्यांचे आवश्यक, अनुज्ञेय आणि निषिद्ध असे तीनच भाग करते. सहकाऱ्यांना वाचविण्यासाठी जिवंत बाँबवर अंग टाकणारा सैनिक यांपैकी कशातच बसत नाही, असे त्याने दाखविले. तो सैनिक वाचला असता तर कदाचित म्हणाला असता, मी केवळ कर्तव्य केले. पण इतर कोणी त्याला, ते तुझे कर्तव्यच होते, असे म्हणू शकले नसते.

अर्म्सनला त्या सैनिकाचे उद्गार केवळ विनयाचे वाटले. मला ते विनयापेक्षा अधिक काही वाटतात, पण त्याने दाखविलेला भेद मात्र अतिशय मोलाचा आहे. कोणते वाक्य कोणाच्या तोंडी शोभते? लूकमधील वाक्य प्रथमपुरुषी आहे. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असा भेद आहे, ग्रीकमध्ये तो नाही. त्यामुळे भाषांतरकाराला निवड करावी लागते. दास धन्याला उद्देशून बोलत आहेत, तेव्हा येथे धन्याला वगळणारे ‘आम्ही’च हवे. हे वाक्य दासांनी स्वतःविषयी बोलायचे आहे. धन्याने दासाला ‘तू निरुपयोगी’ म्हणावे, अशी आज्ञा कोठेही नाही. उलट बाराव्या अध्यायात धनी जागे राहिलेल्या दासांना पंगतीला बसवतो आणि स्वतः कंबर बांधून वाढतो. आणखी एक बारकावा असा की, दाखल्याच्या आरंभी प्रभू ऐकणाऱ्यांना धन्याच्या जागी उभे करतो, ‘तुमच्यापैकी कोणाचा दास असेल तर’. आणि शेवटी त्यांनाच दासांच्या रांगेत नेऊन बसवतो. वर्तमानपत्र उघडून कोणाला वीर म्हणावे हे ठरविणारे आपण सगळे याच दाखल्यात आहोत.

हा भेद मनात पक्का असेल तर पुढची गोष्ट स्पष्ट होते. नम्र सेवेचा उपदेश वरून खाली करता येत नाही. आपल्या देशात ‘सेवा’ या शब्दाच्या आडोशाने किती अन्याय झाले याचा हिशेब नाही. गटारात उतरणाऱ्यांना, मैला वाहणाऱ्यांना, तुमचे काम ही सेवाच आहे, असे सांगून पिढ्यान्‌पिढ्या त्याच जागी ठेवले गेले. आपल्या ख्रिस्ती संस्थाही यातून सुटलेल्या नाहीत. परिचारिकांना, बायबल-स्त्रियांना, खेड्यातल्या शिक्षकांना ‘देवाची सेवा’ म्हणून तुटपुंज्या पगारावर राबविल्याची उदाहरणे जुन्या वाचकांना सांगायला नकोत. कंत्राटावर नेमलेल्या, फाटका गणवेश घातलेल्या अग्निशामकाला जो नम्रतेचे पाठ देतो त्याने आधी त्याला धड श्वसनसंच द्यावा. कामकरी आपल्या मजुरीस पात्र आहे, हेही त्याच लूकने लिहिले आहे.

आणि याच ठिकाणी वीर हा किताब सर्वांत अधिक घातक ठरतो. डोंगरावरच्या प्रवचनात प्रभू दिखाऊ दानधर्म करणाऱ्यांविषयी म्हणतो की त्यांचे प्रतिफळ त्यांना मिळून गेले आहे. तेथे जे क्रियापद आहे ते त्या काळच्या व्यापारी पावत्यांवर लिहीत असत. इजिप्तमध्ये सापडलेल्या खापऱ्या आणि पपायरसचे तुकडे अभ्यासून आडोल्फ डाइसमान या जर्मन पंडिताने हे दाखवून दिले. ‘भरून पावलो’ असा आपला जो शब्दप्रयोग आहे तो येथे तंतोतंत जुळतो. पावती हा शब्दही त्याच ‘पावणे’ क्रियापदातून आलेला. रक्कम मिळाली, खाते बंद झाले, आता मागणे काही उरले नाही. टाळ्या घेणारा अशी पावती लिहून देतो हे आपण नेहमी ऐकतो. पण टाळ्या देणाराही ती पावती खिशात घालून घरी जातो, याकडे आपले लक्ष जात नाही. ‘तुम्ही वीर आहात’ असे म्हटले की समाजाने आपले देणे फेडलेले असते. सत्काराच्या शालीपुढे नव्या शिडीची मागणी कोण करणार?

८ डिसेंबर २०१९ रोजी दिल्लीच्या अनाज मंडी भागात एका कारखानावजा इमारतीत पहाटे आग लागली आणि तेथेच झोपलेले ४३ कामगार, बहुतेक धुराने गुदमरून, मेले. अग्निशमन दलाच्या एका जवानाने अकरा जणांना बाहेर काढले आणि स्वतः जखमी झाला. मंत्रिमहोदयांनी रुग्णालयात त्याची भेट घेतली आणि तो खरा हिरो असल्याचे जाहीर केले. त्याच्या धैर्याविषयी दुमत नाही. पण ती गल्ली इतकी अरुंद होती की बंब आत जाऊ शकला नाही. अशा इमारतीत माणसे कोंडून कामाला लावली जात होती हे तेथे राहणाऱ्या, जाणाऱ्या-येणाऱ्या सर्वांना दिसत होते. तो जवान वीर ठरला कारण इतर पुष्कळांनी आपले साधे कर्तव्य केले नव्हते. त्याच दिल्लीत १३ जून १९९७ रोजी उपहार चित्रपटगृहात ५९ प्रेक्षक मेले. तेथे जादा खुर्च्या बसविण्यासाठी बाहेर पडण्याची एक वाट बंद केलेली होती. काही जास्तीची तिकिटे! गोदीतल्या जहाजावरही हेच घडले होते. कापूस आणि स्फोटके एकत्र ठेवणाऱ्यांनी, निर्णय टाळणाऱ्यांनी जे ऋण करून ठेवले ते ६६ जणांनी फेडले. आणि आपण त्यांना वीर म्हणून मोकळे झालो.

तेव्हा अग्निशमन दलातल्या बांधवांना मी विनंती करीन: हा किताब नाकारा. उद्धटपणे नव्हे; लोकांच्या डोळ्यांतले पाणी खरे असते, त्याचा अव्हेर करू नये. पण ‘आम्ही आमचे काम केले’ हे वाक्य म्हणा आणि त्यापुढे आणखी एक वाक्य जोडा: ‘तुमच्या जिन्यातले सामान काढा.’ पहिले वाक्य दासाचे आहे, दुसरे पहारेकऱ्याचे. यहेज्केलाला देवाने पहारेकरी नेमले ते इशारा देण्यासाठी, टाळ्या घेण्यासाठी नव्हे. वीराला दुसरे वाक्य बोलता येत नाही, कारण त्याने आपल्या श्रोत्यांकडून आधीच पावती घेतलेली असते.

मग आपण काय द्यावे? दावीदाच्या चरित्रात एक प्रसंग आहे. तो अदुल्लामच्या गुहेत होता, बेथलेहेमात पलिष्ट्यांचे ठाणे होते, आणि बेथलेहेमच्या वेशीजवळच्या विहिरीचे पाणी प्यावे अशी तहान त्याला लागली. त्याच्या तीन गिब्बोरांनी शत्रूची छावणी फोडून ते पाणी आणले. दावीदाने ते प्याले नाही; परमेश्वरापुढे ओतून दिले. ज्यांनी जीव धोक्यात घातले त्यांचे ते रक्तच आहे, ते मी कसे पिऊ, असे तो म्हणाला. लहानपणी ऐकताना हे मला पाण्याची नासाडी वाटे. आज वाटते की त्या तिघांचा याहून मोठा सन्मान झाला नसता. त्याने त्यांची स्तुती केली नाही, त्यांना पदवी दिली नाही. आपल्या एका लहरीपायी माणसांचे प्राण पणाला लागले हे ओळखून त्याने ती लहर सोडून दिली. पाणी आणण्यासाठी जीव धोक्यात घालणारी माणसे आपल्याही शहरात आहेत. आपल्या कोणत्या लहरी, कोणते लोभ, कोणता आळस त्यांना धुरात पाठवतो?

फार दूर जायला नको. नाताळात आपल्या देवळांत गोठा सजवतात. गवताचे छप्पर, त्यावर बर्फ म्हणून पिंजलेला कापूस, कापसात गुंडाळलेल्या विजेच्या माळा आणि पुढ्यात मेणबत्त्या. मध्यरात्रीच्या उपासनेला गर्दी होते म्हणून मधल्या वाटेत जादा खुर्च्या टाकल्या जातात. बाजूचे दार वारा येतो म्हणून लावलेले असते, मागच्या दाराला कुलूप असते, आणि त्याची किल्ली रखवालदाराकडे असते. तो जेवायला घरी गेलेला असतो. पुढच्या रविवारी उपासना संपल्यावर मागच्या दाराशी जाऊन ते उघडते का पाहा, आणि किल्ली रात्री कोठे असते ते वडीलजनांना विचारा.